लुटुपुटीचा खटला आणि खरा न्याय

२६ नोव्हेंबर जवळ आला की आपल्या शाळांना संविधानाची आठवण होते. २०१५ पासून हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, प्रभातफेरी निघते, निबंध आणि वक्तृत्व यांच्या स्पर्धा पार पडतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा आपल्या नित्याच्या वाटेने चालू लागते. या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर गेली पंधरा-सोळा वर्षे येत आहे. मुले तयारीची असतात यात शंका नाही. हात कोठे उंचवायचा, आवाज कोठे कापरा करायचा, टाळीचे वाक्य कोठे टाकायचे, हे सारे त्यांना पाठ असते. परंतु भाषण संपल्यावर ‘तू सांगितलेस ते तुला कशावरून खरे वाटते?’ एवढा साधा प्रश्न विचारला की मूल गांगरते आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या सरांकडे पाहू लागते. दोष मुलाचा नाही. बोलायला आपण त्याला शिकवले. विचारायला आणि विचारले असता उत्तर द्यायला शिकवले नाही.

ही उणीव भरून काढू शकेल असा एक उपक्रम परदेशात शालेय पातळीवर स्थिरावला आहे आणि आपल्याकडेही काही विधी महाविद्यालये व खाजगी संस्था शालेय विद्यार्थ्यांसाठी तो अधूनमधून घेऊ लागल्या आहेत. तो म्हणजे अभिरूप खटल्यांची स्पर्धा. अशी स्पर्धा राष्ट्रीय पातळीवर व्हावी का, झाल्यास ती कोणासाठी आणि कोणत्या भाषेत व्हावी, याचा विचार धाराशिवसारख्या जिल्ह्यात बसून करणे काहींना हास्यास्पद वाटेल. प्रस्तुत लेखकाला मात्र वाटते की तो विचार येथूनच व्हावयास हवा. कारण न्यायालयाशी ज्यांचा संबंध केवळ पुस्तकातून येतो त्यांच्यापेक्षा, ज्यांच्या घरी ‘तारीख’ या शब्दाचा अर्थ पंचांगापेक्षा कोर्टाशी अधिक जोडलेला आहे, अशा मुलांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

स्पर्धेचे स्वरूप

अमेरिकेत माध्यमिक शाळांच्या अशा राष्ट्रीय स्पर्धेला १९८४ साली आयोवा राज्यातील डी मॉइन या गावी प्रारंभ झाला. तेव्हापासून निरनिराळ्या राज्यांतील विजेते संघ दरवर्षी एकत्र येतात. स्पर्धेची रीत साधी आहे. सर्व संघांना एकाच काल्पनिक खटल्याचे कागद अगोदर दिले जातात. त्यांत साक्षीदारांची शपथपत्रे असतात, काही दस्तऐवज असतात आणि लागू होणारे नियम असतात. संघातील काही मुले वकील होतात, काही साक्षीदार. सरतपास, उलटतपास, फेरतपास, शेवटचा युक्तिवाद हे सारे ठरलेल्या वेळात करावयाचे असते. न्यायासनावर खरे न्यायाधीश किंवा अनुभवी वकील बसतात.

यात दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की प्रत्येक संघाला एका फेरीत एक बाजू व दुसऱ्या फेरीत विरुद्ध बाजू मांडावी लागते. काल ज्याला दोषी ठरवण्यासाठी आपण जिवाचे रान केले, त्याच्याच बचावासाठी आज उभे राहावे लागते. दुसरी अशी की गुण मिळतात ते खटला जिंकल्याबद्दल नव्हे, तर प्रश्न, उत्तर आणि युक्तिवाद यांच्या गुणवत्तेबद्दल. खटला हरलेला संघ फेरी जिंकू शकतो. आपल्या वादविवाद स्पर्धांत अनुकूल बाजू आणि प्रतिकूल बाजू असतात. परंतु तेथे समोरच्याला थांबवून त्याच्याच तोंडून वस्तुस्थिती काढून घेण्याची सोय नसते. दोन पाठ केलेली भाषणे एकमेकांच्या शेजारून निघून जातात, त्यांची गाठ पडत नाही.

आपल्या देशात विधी महाविद्यालयांतून अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा पूर्वीपासून होत आहेत. तेथे बहुधा अपिलाचा युक्तिवाद असतो, साक्षीदार नसतात. शाळांसाठी आपण अभिरूप संसद निवडली. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने तशी शिफारस केली आणि १९६६ च्या सुमारास दिल्लीच्या शाळांतून युवा संसदेची योजना सुरू झाली. पुढे ती केंद्रीय विद्यालयांत व नवोदय विद्यालयांतही गेली. ती योजना चांगलीच आहे. परंतु संसदेत बहुमताने निर्णय होतो आणि न्यायालयात पुराव्याने. लोकशाहीला दोन्ही पाय लागतात. आपण मुलांना एकाच पायावर चालायला शिकवले आहे.

एका वर्गातील अनुभव

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत, एका स्नेही शिक्षकाच्या आग्रहावरून, आम्ही नववीच्या वर्गात असा एक खटला चालवून पाहिला. विषय मुद्दाम ओळखीचा घेतला होता. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने नांगरताना बांध कोरला आणि तीन फूट जमीन आपल्या रानात ओढली, असा दावा. कागद म्हणून सातबाराचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि दोन साक्षीदारांचे जबाब आम्ही तयार केले होते. एका मुलाला तलाठी केले, एकीला प्रतिवादीची वकील, एका धिप्पाड मुलाला पट्टेवाला. कोण कोणत्या बाजूला, हे चिठ्ठ्या टाकून ठरले.

वादीच्या साक्षीदाराने मोठ्या आवेशात सांगितले की बांध प्रतिवादीनेच कोरला. उलटतपासाला उठलेली मुलगी एरवी वर्गात बोलत नसे, असे मला नंतर कळले. तिने वहीत पाहत तीन प्रश्न विचारले. आपण त्या दिवशी शेतात होता काय? नव्हतो. मग बांध कोरताना आपण पाहिले काय? पाहिले नाही, पण सगळ्या गावाला ठाऊक आहे. आपणास कोणी सांगितले? यावर साक्षीदार झालेला मुलगा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘वादीनेच सांगितले.’ वर्ग हसला, आणि मग एकदम शांत झाला. चाळीस मुलांना एकाच क्षणी एक गोष्ट उमगली होती. ‘सगळ्या गावाला ठाऊक आहे’ या वाक्याच्या तळाशी कधीकधी एकच माणूस असतो आणि तो वादी असतो.

त्या दिवसाचा दुसरा प्रसंग अधिक बोलका होता. प्रतिवादीच्या बाजूने काम करणाऱ्या एका मुलाच्या घरी खरोखरच बांधाचा दावा चालू होता. त्याचे वडील वादी होते आणि चिठ्ठीने त्याला नेमकी विरुद्ध बाजू दिली होती. आम्ही बाजू बदलून देऊ केली. त्याने नको म्हटले. काम संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘सर, त्यांचंही थोडं खरं असू शकतं, असं आज वाटलं. पण हे घरी बोललो तर अण्णा मला जेवायला बसू देणार नाहीत.’ अर्थशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांत मी जे शिकवले त्यापेक्षा हे वाक्य मला मोठे वाटले. त्या मुलाने वडिलांची बाजू सोडली नव्हती. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याने एकदा आपल्याच रानाकडे पाहिले होते, एवढेच.

ऐकीव आणि पाहिलेले

तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिल्याची साक्ष ज्याने पाहिले त्यानेच दिली पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. कायद्याच्या पुस्तकात हे तत्त्व दीडशे वर्षे सुखाने नांदत आहे. समाजाच्या अंगी ते किती उतरले, हा वेगळा प्रश्न आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती आणि आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून पोट भरण्यासाठी तिकडे गेली होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. त्या जमावात शिकलेली माणसे नसतील असे मानण्याचे कारण नाही. परंतु ‘कोणाचे मूल पळवले? कोणी पाहिले?’ हे दोन प्रश्न विचारणारा आणि ते प्रश्न इतरांना ऐकायला लावणारा माणूस त्या वेळी तेथे उभा राहू शकला नाही. नववीतल्या त्या मुलीने विचारलेले प्रश्न याहून वेगळे नव्हते. अभिरूप खटल्याने जमाव थांबतील, असा भोळा दावा मी करणार नाही. पण हे प्रश्न विचारण्याची जिभेला सवय लागते ती लहानपणीच, आणि ती सवय लावण्याची जागा शाळेखेरीज दुसरी नाही.

याला एक आर्थिक बाजूही आहे आणि ती माझ्या विषयाची म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. देशातील न्यायालयांत आज पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबलेली आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग जिल्हा व तालुका न्यायालयांतील आहे. आपल्या भागात वाटणीचे, हद्दीचे, रस्त्याचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे, वकिलाची फी आणि दुपारचा चहा-भजी एवढे जाते. दाव्याखाली अडकलेल्या जमिनीत कोणी विहीर पाडत नाही, फळबाग लावत नाही. तिच्यावर बँक सहजी कर्ज देत नाही. ज्या समाजात नोंद, पावती आणि साक्ष यांच्यावर भरवसा नसतो तेथे प्रत्येक व्यवहार महाग होतो. पुराव्याची चाड असणे हा केवळ नैतिक गुण नाही. तो उत्पादनाच्या साधनांपैकी एक आहे. मात्र तो बाजारात मिळत नाही. त्याचा लाभ सर्वांना होतो म्हणूनच तो कोणी एकटा विकत घेत नाही. अशा वस्तूची तरतूद समाजाने एकत्र येऊनच करावी लागते.

खटल्याला विषय शोधण्यासाठी आपल्याला परदेशी नमुन्यांकडे जाण्याचीही गरज नाही. खरीप २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टीने सोयाबीन गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना पीक विम्याची भरपाई नाकारण्यात आली. तो वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. मे २०२२ मध्ये खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही पोचले. शेतकरी, तलाठी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा अधिकारी असे चार साक्षीदार, एक पंचनामा आणि करारातील एक अट. नववी-दहावीच्या मुलांना यापेक्षा जिवंत धडा कोणता हवा? ज्या घरातून ते सोयाबीन गेले त्याच घरातल्या मुलीला कंपनीची बाजू मांडावी लागली, तर तिला कराराचा कागद सही करण्यापूर्वी वाचावा लागतो, हे कोणत्याही भाषणापेक्षा अधिक पक्के कळेल.

तेंडुलकरांनी दिलेला इशारा

तथापि लुटुपुटीचा खटला ही निरुपद्रवी वस्तू आहे, असे मराठी माणसाने तरी समजू नये. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. हौशी नाटकमंडळींचा एक गट खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतो आणि वेळ घालवण्यासाठी, नवख्या माणसाला कोर्टाची रीत कळावी म्हणून, गटातील शिक्षिका लीला बेणारे हिला खोटी खोटी आरोपी करून उभी करतो. पाहता पाहता खेळ खरा होतो आणि एका बाईच्या खाजगी आयुष्याच्या चिंधड्या उडतात.

या नाटकाकडे स्त्रीच्या शोकांतिकेच्या दृष्टीने पुष्कळदा पाहिले गेले, आणि ते योग्यच आहे. न्यायपद्धतीच्या दृष्टीनेही ते पाहावे. तेथे एकच माणूस फिर्यादीचा आणि आरोपीचा, दोघांचाही वकील असतो. साक्षीदार कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. न्यायाधीशच आपले आसन सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो. आणि आरोपीचे म्हणणे त्या मंडळींपैकी कोणाच्याही कानांत शिरत नाही. म्हणजे न्यायालयाला न्यायालय बनवणारा एकेक नियम तेथे मोडला जातो; शिल्लक राहतो तो झगा, हातोडा आणि ‘शांतता!’ ही आरोळी. नियम गेले की न्यायालयाचा जमाव होतो, मग तो कितीही सभ्य भाषा बोलो.

शाळेत हा उपक्रम करणाऱ्यांनी हे नाटक आधी वाचावे, असे मला सुचवावेसे वाटते. वर्गातील कोणाही मुलाच्या घरची खरी भानगड खटल्याचा विषय होता कामा नये. विषय ओळखीचा असावा, माणसे ओळखीची नसावीत. आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी तेच गरीब किंवा तेच खोडकर मूल उभे राहत असेल तर शिक्षकाने तो खेळ तेथेच थांबवावा.

खरा खटला मराठीत, खोटा इंग्रजीत?

आता राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य अडचणीकडे वळू. अशी स्पर्धा दिल्ली किंवा बंगळूर येथे ठरली तर तिची भाषा इंग्रजी असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. कारण असे देण्यात येईल की सर्व प्रांतांना समान अशी दुसरी भाषा नाही, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीतच चालते. परंतु अभिरूप खटल्यात ज्या न्यायालयाची नक्कल होते ते साक्षीपुराव्याचे, म्हणजे जिल्ह्याचे आणि तालुक्याचे न्यायालय असते. महाराष्ट्रात त्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ च्या अधिसूचनेने तसे ठरले आहे. म्हणजे आपल्या गावच्या बांधाचा खरा खटला मराठीत चालेल आणि त्याची नक्कल मात्र इंग्रजीत करावी लागेल! ज्या मुलीने आपल्या भाषेत तीन प्रश्नांत साक्षीदाराला निरुत्तर केले, ती इंग्रजीत पहिल्याच प्रश्नाला अडखळेल आणि परीक्षक तिच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी’ असे लिहितील.

या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या कागदांवर अंगठे उठवले ते कागद त्यांना वाचता येत नव्हते. फिर्याद, कैफियत, दरखास्त, वकील हे शब्द आपल्या बोलीत पक्के बसले; पण ते बसले ते भीतीसकट. न्यायाची भाषा आणि घरची भाषा वेगळी असली की न्यायाविषयी आदर वाटत नाही, धाक वाटतो.

१९०८ सालच्या टिळकांच्या खटल्याचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठी. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे गेली ती लेखांची इंग्रजी भाषांतरे. भाषांतरातील शब्दांवर टिळकांनी कसून आक्षेप घेतले आणि मूळ अर्थ व भाषांतर यांतील अंतर दाखवण्याचा प्रयत्न केला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळकांसारख्या कायदेपंडिताला भाषेची ही भिंत ओलांडता आली नाही. तेथे नववीच्या मुलांकडून आपण काय अपेक्षा करणार?

यावर मार्ग नाही असे नाही. वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा मराठीसह तेरा भाषांत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालपत्रांची भाषांतरे मराठीत उपलब्ध होऊ लागली आहेत. मग राज्यपातळीपर्यंतच्या फेऱ्या प्रत्येक राज्याच्या भाषेत आणि अंतिम फेरी दुभाष्याच्या साहाय्याने, अशी व्यवस्था अशक्य कशी? दुभाषा ही आपल्या न्यायालयांत परकी वस्तू नाही.

सारखा नियम, सारखी संधी नव्हे

भाषेइतकीच दुसरी अडचण नियमांच्या वरवरच्या समानतेची आहे. अमेरिकेतील याच स्पर्धेतील एक प्रसंग उद्‌बोधक आहे. २००९ साली अ‍ॅटलांटा येथील राष्ट्रीय स्पर्धेसाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातून एका ज्यू शाळेचा संघ निवडला गेला. शनिवार हा त्यांच्या धर्माप्रमाणे विश्रांतीचा दिवस असल्यामुळे वेळापत्रकात बदल करावा, अशी त्यांनी विनंती केली. संयोजकांनी प्रथम नकार दिला. नियम सर्वांना सारखा, असे त्यांचे म्हणणे होते. बराच गदारोळ झाल्यावर वेळापत्रक बदलण्यात आले. न्याय शिकवण्यासाठी भरवलेल्या स्पर्धेलाच न्यायाची परीक्षा द्यावी लागली.

आपल्याकडे शनिवारचा प्रश्न येणार नाही, ऊसतोडीचा येईल. दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातून, कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून हजारो कुटुंबे कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. स्पर्धेची तारीख डिसेंबर-जानेवारीत ठेवली, की कोणताही अन्याय न करता, कोणालाही नाकारले न जाता, ही मुले आपोआप बाद होतील. प्रवेशशुल्क, शहरातील मुक्काम, काळा कोट, संगणकावरील नोंदणी यांतील प्रत्येक अट स्वतंत्रपणे क्षुल्लक आहे. सगळ्यांची बेरीज केली की चाळणी तयार होते. २०१८ पासून आपला जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा मुलांच्याही असतात, हे यादी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

काही आक्षेप

शिक्षकांशी बोलताना तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की आधीच आपला समाज तंटेखोर. त्यात मुलांना वकिली शिकवून आगीत तेल कशाला ओता? माझा अनुभव उलट आहे. तंटा वाढतो तो आपलेच म्हणणे खरे या खात्रीमुळे. विरुद्ध बाजू स्वतः मांडून पाहणारा माणूस तडजोडीला लवकर तयार होतो. २००७ साली आपल्या राज्याने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ती मोहीम प्रौढांकडून ज्या समजूतदारपणाची अपेक्षा करते त्याचे बी वर्गातच पडावयास हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणतीही बाजू तितक्याच हिरिरीने मांडायला शिकवले तर मुले सत्याविषयी बेफिकीर होतील, शब्दांची कसरत तेवढी उरेल. हा धोका खरा आहे. म्हणून प्रत्येक खटल्यानंतर एक तास असा असला पाहिजे की ज्यात मुलांनी आपली भूमिका उतरवून ठेवावी आणि ‘तुला स्वतःला काय वाटते, आणि का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे. हा तास नसेल तर स्पर्धा न घेतलेली बरी.

तिसरा आक्षेप शिकवणी वर्गांचा. राष्ट्रीय स्पर्धा म्हटली की प्रमाणपत्र आले, प्रमाणपत्र म्हटले की त्याची शिकवणी आली. तीन महिन्यांत हमखास यश, असे फलक बसस्थानकासमोर लागतील. हे टाळण्याचा उपाय एकच. स्पर्धेपेक्षा शाळेतला सराव मोठा ठेवावा आणि बक्षिसापेक्षा सहभाग मोठा. राष्ट्रीय स्पर्धा हा कळस आहे. पायाभरणीच्या आधी कळसाची मिरवणूक काढण्याची आपली जुनी खोड आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते

राष्ट्राने काय करावे हे ठरेपर्यंत आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कायदेविषयक साक्षरतेचे काम विधी सेवा संस्थांवर सोपवले आहे आणि जिल्हा प्राधिकरणांमार्फत शाळांतून शिबिरे होतातच. त्या शिबिरांतील एखादे व्याख्यान कमी करून एक खटला ठेवावा. वकील संघातील दोन-तीन ज्येष्ठ वकील आणि दोन-तीन शिक्षक यांनी बसून वर्षाला एक प्रकरण तयार करावे. वीस-पंचवीस पाने, सोपे मराठी, आपल्या मातीतला विषय. आठ-आठ जणांचे संघ असावेत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. दोन्ही बाजू प्रत्येकाने मांडाव्यात. तालुक्याची फेरी सुट्टीच्या दिवशी, परवानगी मिळाल्यास, तालुक्याच्या न्यायालयाच्या दालनातच व्हावी. आणि ती ऊसतोडीला कुटुंबे जाण्याआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात व्हावी. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचे कागद, एसटीचे भाडे आणि दुपारची खिचडी. एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाला यापेक्षा अधिक लागते.

दालन न्यायालयाचेच असावे, असे मी आग्रहाने म्हणतो त्याला कारण आहे. आमच्या मुलांपैकी अनेकांनी न्यायालय बाहेरून पाहिले आहे. आवारातील लिंबाखाली फडक्यात भाकरी बांधून बसलेले आजोबा, पुकारा होईल म्हणून पाणी प्यायलाही न उठणारी आई, आणि संध्याकाळी ‘पुढची तारीख पडली’ म्हणत परत येणारे वडील, हे त्यांच्या मनातील न्यायालयाचे चित्र आहे. त्या दालनात एकदा तरी त्यांनी ताठ उभे राहून, आपल्या भाषेत, न्यायासनाकडे पाहून बोलावे. पुढे ती मुले वकील होवोत, शिक्षक होवोत, कारकून होवोत की शेती करोत. साक्षीदार म्हणून, पंच म्हणून, पक्षकार म्हणून कधी ना कधी त्यांना तेथे जावेच लागणार आहे. त्या वेळी ती घाबरून खोटे बोलणार नाहीत आणि भिडेखातर ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगणार नाहीत, एवढे जरी साधले तरी खर्च वसूल झाला असे समजावे.

त्या नववीच्या वर्गातील खटल्याचा निकाल काय लागला, असे काही जणांनी मला विचारले आहे. दावा फेटाळला गेला. पुरावा अपुरा पडला. न्यायाधीश झालेल्या मुलीने निकालाच्या शेवटी आपल्या मनाने एक वाक्य जोडले होते. बांध कोरला गेला नाही असे मी म्हणत नाही, कोणी कोरला हे मला कळले नाही, म्हणून मी कोणाला दोषी म्हणणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला जे कळले ते आपल्या गावांना, चावड्यांना आणि हातातल्या भ्रमणध्वनींना कळेल तेव्हा संविधान दिनाच्या भाषणांची गरज बरीच कमी झालेली असेल.